तीन फ्रेमांचा कंदील

थर्मामीटर पीप पीप वाजला. एवढ्याशा आवाजानं सगळं घर दचकल्यासारखं झालं, इरोहा मात्र हलली नाही. मी तो तिच्या काखेतून हळूच ओढून काढला. सदतीस पॉइंट नऊ सेल्सिअस. पाळणाघराचा नियम सदतीस पाचचा आहे. आकडा त्याच्या वर गेला की फोन येतो, आणि फोन आला की हातात असेल ते टाकून सायकल काढायची. आज तो अकराला आला. घरी आणून तिला चार चमचे पेज भरवली. उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आलुबुखाराचा, आंबट गर ती जिभेवर धरून बसली आणि तशीच झोपली. कपाळावरची थंड पट्टी एका बाजूनं सुटली होती, ती बोटानं दाबून बसवली. चार वर्षांची मुलगी तापात दोन वर्षांची दिसते.

एकला दहा कमी होते. ही दीड तास तरी उठत नाही असं धरून मी सरकत्या दाराच्या अलीकडे, संगणकापुढे येऊन बसले. दार चार बोटं उघडं ठेवलं. माझं सगळं काम या चार बोटांच्या फटीशेजारी होतं. माझ्या नवऱ्याची, शिम्पेइची, फुकुओकाला बदली झाल्यापासून तर फारच. तो महिन्यातून दोन शनिवारी येतो, रविवारी संध्याकाळी परत जातो, आणि इरोहा सोमवारी सकाळी त्याच्या चपला दारात नीट लावून ठेवते.

काम म्हणजे धूळ काढायची. ‘दीपगृहाची इसोना’ ही चाळीस वर्षांपूर्वीची ॲनिमे मालिका आता नव्या डिस्कवर यायची आहे, आजवर कुणीच पाहिली नाही इतकी स्वच्छ. फिल्मची एकेक फ्रेम मोठ्या यंत्रावर टिपून घेतात, आणि मग आमच्यासारखी माणसं त्या फ्रेमा एकामागून एक बघत पांढरे ठिपके पुसत जातात. सेकंदाला चोवीस फ्रेमा, एका भागात तीस-पस्तीस हजार. पहिल्या दिवशी ऑफिसात मला एकच गोष्ट शिकवली होती. चित्रांच्या मालिकेत एक चित्र तीन फ्रेमा टिकतं, कारण चित्र काढणाऱ्यांना तेवढाच वेळ मिळायचा. म्हणून एखादा डाग तीन फ्रेमा दिसला तर तो माणसाच्या हातचा, त्याला हात लावायचा नाही. एकाच फ्रेमेत दिसला आणि गेला, तर ती धूळ. पुसून टाकायची. विचार करायचा नाही, कारण विचार करत बसलं तर डिस्क निघायला म्हातारपण येईल.

छत्तिसावा भाग मी मागच्या आठवड्यात पुरा करून दिला होता. मालिकेच्या मालकांनी तो पाहून मंजुरीचा शिक्काही मारला. आज चार वाजता तो भाग धरून चार भागांची हार्ड डिस्क छपाईच्या कारखान्याकडे जायची होती, आणि मी निवांतपणे सदतिसावा उघडला.

सुरुवातीलाच इसोना विहिरीवर येते. दीपगृहवाल्याची ही आठ वर्षांची पोर. बाप होडी घेऊन गेलेला आणि न परतलेला. बायका मासळी धूत असतात. ती त्यांना म्हणते, काल संध्याकाळी बाबांचा कंदील दिसला, तीनदा लुकलुकला. बायका हसतात. एक म्हणते, तीनदा म्हणे, मोजायला बरी शिकलीस. त्या दिवसापासून अख्खं बेट तिला खोटारडी म्हणतं.

हा प्रसंग मला पाठ आहे. तो कुणाला पाठ नाही? माझी आई माझ्या लहानपणी, मी दप्तर हरवून शाळेतल्या मुलाचं नाव घेतलं की विचारायची, “हा काय इसोनाचा कंदील का गं?” आमच्या वर्गात सगळ्यांच्या आया हेच म्हणायच्या. आदल्या भागात इसोना खिडकीशी पाठमोरी उभी आहे, बाहेर काळा समुद्र आहे आणि त्यात काहीही नाही, हे सगळ्या देशानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकोणचाळिसाव्या भागात मालिका अर्धवटच गुंडाळली, बापाचं काय झालं ते कुणाला कळलं नाही, आणि इसोना खोटारडीची खोटारडीच राहिली.

मी माउस सोडला.

कारण मला एक ठिपका आठवला. छत्तिसावा भाग, तीच खिडकी, उजवीकडे खाली. पांढरा नव्हता, किंचित पिवळसर होता. मी त्याच्यावर क्षणभर थांबले होते. तेवढ्यात इरोहानं दाराच्या फटीतून हात घालून बार्लीचा चहा मागितला, आणि मी उठता उठता कळ दाबली. एकाच फ्रेमेत होता. धूळ.

मग मला हेही आठवलं की त्या खिडकीत मी असे तीन पुसले होते. की आता आठवायचं म्हणून आठवत होतं? शपथेवर सांगता आलं नसतं. बघायला माझ्याकडे काही नव्हतं. भाग पुरा झाला की मूळ फिल्मची प्रत आपल्या यंत्रावरून पुसायची हा करार आहे, आणि मी करार पाळणारी बाई आहे. मूळ प्रत फक्त ऑफिसात होती.

ऑफिसात फोन करायचा म्हणजे उशिओसानना, तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईंना. वीस वर्षं धूळ काढतायत. बाळंतपणानंतर मला घरून काम करू द्यावं असं ठरलं तेव्हा सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या होत्या की पोर मांडीवर घेऊन फिल्म बघता येत नाही, पोरच बघावं लागतं. तेव्हापासून आमचं बोलणं ‘नमस्कार’ आणि फोन ठेवताना ‘दमलात ना’ एवढंच.

फोन त्यांनीच उचलला. मी घाईघाईत सगळं सांगितलं.

“घरी बसणाऱ्यांना दुपारचे बरे विचार सुचतात,” त्या म्हणाल्या. “पोरगी कुठंय?”

“ताप आहे. झोपलीय.”

“हं. कुठली खिडकी म्हणालीस?”

मूळ प्रत उघडून, ते दृश्य काढून बघायला वीस मिनिटं लागतील, फोन करते, असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. मी इरोहाजवळ जाऊन बसले. तिचा श्वास जरा जोरात चालला होता. मी मनात दोन्ही बाजू लावून पाहिल्या. ठिपके नसतील तर मी वेडी ठरेन, बस. असतील तर मंजूर झालेलं काम परत उघडायला लागेल, चूक कुणाची ते लिहायला लागेल, आणि ती माझी, घरी बसून केलेली. घरून काम करण्याची ही सवलत प्रयोग म्हणून होती, दर वर्षी वाढवून मिळणारी, या खेपेला मार्चपर्यंत. ती गेली तर नऊ ते सहा ऑफिस. सदतीस पाचच्या नियमात नऊ ते सहा ऑफिस बसत नाही, हे मला पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं. म्हणजे ते ठिपके नसावेत अशीच मी प्रार्थना करायला हवी होती. करतही होते बहुतेक. आणि खाली कुठंतरी, ते असावेत असंही वाटत होतं.

दीड वाजून गेल्यावर फोन थरथरला.

“दोनशे चौसष्ट फ्रेमांचं दृश्य आहे,” उशिओसान म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळाच होता, हळू, जणू कुणी ऐकेल. “अठ्ठेचाळिसावी. एकशेविसावी. एकशे ब्याण्णवावी. मोज.”

मी मोजलं. मधलं अंतर बहात्तर आणि बहात्तर. बरोबर तीन तीन सेकंद.

“धूळ घड्याळ लावून येत नाही गं,” त्या म्हणाल्या.

तेव्हाच्या छायाचित्रणवाल्याचं काम. काळ्या कागदाला सुईनं भोक पाडायचं, खालून दिवा लावायचा, आणि तीच फिल्म कॅमेऱ्यातून दुसऱ्यांदा न्यायची. एकच फ्रेम, म्हणजे लुकलुकल्यासारखं वाटतं. त्या काळच्या टीव्हीवर तो कणभर उजेड पोचलाच नाही. नंतरच्या कॅसेटींवरही नाही. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा तो दिसेल एवढं स्वच्छ चित्र निघालं, आणि पहिल्यांदा ज्या बाईनं पाहिला तिनं पुसून टाकला.

उशिओसान म्हणाल्या, कुरामोचिसानना तूच सांग, मी नाही सांगणार. मला आधी वाटलं त्या अंग काढून घेतायत. मग कळलं की त्या मला न सांगण्याचीही मोकळीक देत होत्या.

कुरामोचिसान आमचे प्रमुख. कधी आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बहात्तर-बहात्तर पण ऐकून घेतलं. मग म्हणाले की मालकांचा शिक्का बसलेला आहे. तो उठवायचा तर चारच्या आत त्यांना कारणाचं पत्र द्यावं लागेल. पत्रात चूक कुठं झाली ते आलं. चूक घरच्या यंत्रावर झाली हे एकदा कागदावर आलं की ते यंत्र त्यांना माझ्या घरी ठेवता येणार नाही.

“ओकुमुरासान,” ते मला म्हणाले, “एक फ्रेम म्हणजे पापणीसुद्धा लवत नाही.”

“तीन आहेत,” मी म्हणाले.

“तीन. बरं. असं करू. मी आत्ता मीटिंगमध्ये होतो, तुमचा फोन मला लागलाच नाही. पाच वाजता परत करा. तोवर डिस्क गेलेली असेल, आणि आपण दोघं मिळून हळहळू.”

हे त्यांनी चांगुलपणानं म्हटलं होतं, एवढं मला कळतं. त्यांच्या दोन मुली आहेत, त्यांच्या बायकोनंही एकदा अशीच नोकरी सोडली होती. मी फटीतून आत बघितलं. इरोहानं कूस बदलली होती, पट्टी निघून उशीवर पडली होती, तोंड किंचित उघडं होतं. मला वाटलं, होय म्हणून टाकावं. फोन ठेवावा, पट्टी बदलावी, सफरचंद किसावं. कुणाला कधी कळणार नव्हतं. पुढची चाळीस वर्षंही आया आपल्या मुलांना तेच विचारत राहिल्या असत्या, हा काय इसोनाचा कंदील का. मीही विचारलं असतं. आणि दर वेळी मला माहीत असतं की ती पोर खरं बोलत होती.

“पत्र लिहा,” मी म्हणाले.

“सोमवारपासून ऑफिसात यावं लागेल. जमेल?”

“नाही जमणार. पण लिहा.”

ते एवढंच म्हणाले की बरं आहे, उशिओसानना तीन फ्रेमा बदलायला सांगतो, तुम्ही तपासा, साडेतीनपर्यंत मला होय किंवा नाही हवं. त्यानंतर नाही म्हणजे नाहीच.

तीन फ्रेमा बदलणं सोपं वाटतं. मूळ प्रतीतल्या त्या फ्रेमांवर कंदिलाबरोबर धूळही होती. धूळ पुसायची, कंदील ठेवायचा. अठ्ठेचाळिसावीत शंका नव्हती, एकशे ब्याण्णवावीतही नव्हती. तीन वाजता उशिओसाननी मधलीही पाठवली, आणि त्या खिडकीत दोन ठिपके होते. जवळजवळ. एक वर, एक खाली, दोन्ही एवढेएवढेसे.

त्यांचं म्हणणं, वरचा. होडी उजवीकडून डावीकडे सरकतेय, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सरळ रेघ काढली तर वरचा तिच्यावर पडतो. मी पडद्यावर इरोहाची गुलाबी मोजपट्टी धरून पाहिली. खालचाही पडत होता. केसाचा फरक. आणि हातानं टोचलेलं भोक रेघेवर असेलच असं कुठं आहे?

“रंग?” मी विचारलं.

“दोन्ही मला सारखेच दिसतायत. वीस वर्षांत डोळ्यांचं वाटोळं झालंय, तुझे काय म्हणतात?”

माझ्या डोळ्यांनाही आता सगळंच पिवळं दिसायला लागलं होतं. चुकीचा ठेवला तर कंदील म्हणून धूळ कायमची छापली जाणार, आणि कंदील धूळ म्हणून जाणार. दुसऱ्यांदा. तेही माझ्याच सांगण्यावरून.

तीन वीसला इरोहा रडत उठली.

रडणं नव्हे, तापातली ती बारीक, सलग कण्हती कुरकुर. मी धावले. अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. थर्मामीटर लावायला वेळ नव्हता, तरी लावला. अडतीस सहा. पाणी पाजलं, नवी पट्टी लावली, ती मला सोडेना. गळ्यात हात तसेच. घड्याळात तीन सव्वीस. मी तिला उचललं आणि मांडीवर घेऊन संगणकापुढे येऊन बसले. पोर मांडीवर घेऊन फिल्म बघता येत नाही. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, केसांना तापाचा तो गोडसर वास येत होता, आणि मला पडदा नीट दिसायला मान वाकडी करावी लागत होती.

म्हणून असेल. नेहमीच्या कोनातून जे नुसतं काळं दिसत होतं, ते तिरकं बघताना थोडं वेगळं झालं. खालच्या ठिपक्याखाली, समुद्राच्या काळ्यात, काहीतरी होतं. मी ते चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं. केसाएवढी एक उभी रेघ. फिकट. ठिपक्याच्या बरोबर खाली, मध्येच तुटलेली.

मी अठ्ठेचाळिसावी उघडली. तिथंही होती. एकशे ब्याण्णवावी. तिथंही.

पाण्यातलं प्रतिबिंब. त्या माणसानं भोक पाडून झाल्यावर त्याच सुईनं कागदावर एक ओरखडा काढला होता, मग तो मध्ये तोडला होता, लाट असते तिथं तुटतं म्हणून. तीन कागद, तीन वेळा. कंदीलच टीव्हीवर दिसणार नव्हता, तिथं त्याची पाण्यातली सावली कोण बघणार होतं? पत्रात त्याचं नाव येणार नव्हतं, मालिकेच्या शेवटी नावांच्या यादीतही छायाचित्रणाच्या खाली फक्त कंपनीचं नाव आहे.

“खालचा,” मी फोनवर म्हणाले. “खालचा ठेवा. त्याच्याखाली रेघ आहे, ती पण ठेवा. तिन्हींत.”

“रेघ? कुठली रेघ?” आणि मग, चित्र मोठं करून पाहिल्यावर, “अगं बाई.”

त्यापुढचं सगळं मला तुटक आठवतं. कुरामोचिसानना मी होय कळवलं तेव्हा तीन बत्तीस झाले होते, त्यांनी दोन मिनिटांचं काही काढलं नाही. इरोहा ओकली, माझ्या बाहीवर आणि थोडी टेबलावर. मी ते पुसत असताना पाळणाघराचा फोन दोनदा वाजून थांबला. मी कपडे बदलले, तिचे बदलले. चार वाजले. चार पाच झाले. कुणीच काही कळवेना. डिस्क जुनीच गेली असेल, मालकांनी पत्र वाचायलाच घेतलं नसेल, असं वाटत राहिलं, आणि सफरचंद किसताना बोट किसणीला लागलं.

चार बाराला उशिओसान बोलल्या. नवी डिस्क गेली होती. मालकांच्या माणसानं पत्र वाचलं, तीन फ्रेमा पाहिल्या, शिक्का मारला, आणि मग जाता जाता विचारलं की हे त्याच्या आईला दाखवलं तर चालेल का. “मी म्हटलं, डिस्क विकत घ्या म्हणावं आईला,” उशिओसान म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “ताप किती?” मी सांगितला. “पेज दे तिला. आणि सोमवारी यंत्र मी घ्यायला येते, तू त्या जड पेटीसकट पोरीला घेऊन ट्रेननं येऊ नकोस.”

कुरामोचिसानचा एका ओळीचा निरोप त्यानंतर आला. सोमवारी यंत्र परत, घरच्या कामाचा करार त्याच दिवशी संपेल, आजवर मेहनत घेतलीत. एवढंच. मी तो दोनदा वाचला आणि फोन उलटा ठेवला. शिम्पेइला संध्याकाळी सांगू. की शनिवारी, तो आल्यावर?

इरोहा किसलेलं सफरचंद खात होती, माझ्या मांडीवर, चमच्यातलं निम्मं ओठावर. अंग थोडं उतरलं होतं. पडद्यावर तिन्ही फ्रेमा मी शेजारी शेजारी लावलेल्या तशाच होत्या. तीन खिडक्या, तीन इसोना पाठमोऱ्या, तीन काळे समुद्र. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं हे काय, आणि मी सांगितलं की तो बारका उजेड म्हणजे त्या मुलीच्या बाबांचा कंदील आहे, होडीत लावलेला. तो आधी दिसत नव्हता, आता दिसेल.

तिनं चिकट बोट पडद्यावर टेकवलं. मी एरवी ओरडले असते. पहिल्या ठिपक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, बोटाचा सफरचंदाचा ओला माग मागे ठेवत. तिसऱ्यापाशी ती थांबली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“आई, होडी येतेय की जातेय?”